शनिवार की रविवार? शब्बाथ, शनवार तेली आणि आपला वीकेंड

मंडळी, आज एक साधा प्रश्न. रविवारची सुट्टी आपल्याला कुणी दिली?

बहुतेक जण म्हणतील, इंग्रजांनी. काही जण म्हणतील, सरकारने. आम्ही आयटीवाले तर शनिवारही धरून चालतो. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग बघितली की वीकेंड हा निसर्गनियमच असावा असं वाटायला लागतं. पण गंमत अशी की आठवडा निसर्गात कुठेच नाही. दिवस सूर्यामुळे होतो, महिना चंद्रामुळे, वर्ष पृथ्वीच्या प्रदक्षिणेमुळे. सात दिवसांचं चक्र मात्र माणसांनी ठरवलं, आणि त्यातला एक दिवस थांबायचं हेही माणसांनीच ठरवलं. (श्रद्धाळू माणूस म्हणेल, देवाने ठरवलं. तिकडे येतोच.)

या थांबण्याला बायबलमध्ये 'शब्बाथ' म्हणतात. ख्रिस्ती लोकांनी तो अजूनही पाळायचा का, पाळायचा तर शनिवारी की रविवारी, आणि पाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं (किंवा करायचं नाही), यावर जवळजवळ दोन हजार वर्षं वाद चालू आहे. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे या वादात मला मत नाही, म्हणजे मतदानाचा हक्क नाही. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की या वादाचे धागे कोकणातल्या तेलाच्या घाण्यापासून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आणि तिथून थेट आमच्या मुळशी तालुक्यापर्यंत येतात. (हो, हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं. पत्त्यात आपण 'पुणे' लिहितो, सातबाऱ्यावर तालुका मुळशीच असतो.) म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मूळ स्पेसिफिकेशन बघू.

शब्बाथची आज्ञा दहा आज्ञांपैकी चौथी, कॅथलिक मोजणीत तिसरी. हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ 'थांबणे'. ही आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते, आणि दोन्ही ठिकाणी कारण वेगळं दिलंय. 'निर्गम' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कारण आहे सृष्टीची निर्मिती. देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मोशे तीच आज्ञा पुन्हा सांगतो, पण कारण बदलतं. तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि देवाने तुम्हाला तिथून सोडवलं हे लक्षात ठेवा, म्हणून थांबा.

दुसरं कारण नीट बघा. गुलामाला सुट्टी नसते. म्हणजे आठवड्यातून एक दिवस थांबता येणं ही आपण गुलाम नसल्याची खूण. आपल्या 'सुट्टी' या शब्दातही सुटणं आहेच.

आणि आज्ञेत कुणी कुणी थांबायचं याची यादीही आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, आणि तुझ्या गावात राहणारा परका माणूस. मालकाने घरात बसून प्रार्थना करायची आणि दासाने शेत नांगरायचं, असली सोय त्यात ठेवलेली नाही. बैलसुद्धा यादीत आहे. हा बैल लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता कोकणात येऊ.

रायगड जिल्ह्यात अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात एक समाज शेकडो वर्षं तेल गाळायचा धंदा करत होता. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. काळाच्या ओघात हिब्रू गेली, बहुतेक प्रार्थना गेल्या, ग्रंथ तर बुडालेच होते. उरलं काय? मुलांची सुंता, कोणते मासे खायचे आणि कोणते नाही याचे नियम, 'शमा' ही एक प्रार्थना, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणं. शेजाऱ्यांनी त्यांचं नावच 'शनवार तेली' ठेवलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होतेच, ते 'सोमवार तेली'. सोमवार शंकराचा, नंदी शंकराचा, म्हणून त्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही. एकाच गावात शनिवारी एका घाण्याचा बैल सुटायचा आणि सोमवारी दुसऱ्या घाण्याचा.

हे मला फार आवडतं. ज्या समाजाकडे धर्मग्रंथ उरला नव्हता, त्याची ओळख एका सुट्टीने टिकवली. आणि 'घाण्याला जुंपलेला बैल' हा आपल्याकडे न संपणाऱ्या कामाचा वाक्प्रचार आहे, त्या घाण्याचा बैल या लोकांच्या घरी आठवड्यातून एक दिवस मोकळा असायचा. दोन हजार वर्षं हे चालत आलं असं त्यांची परंपरा म्हणते. त्यातला काही भाग दंतकथा असला तरी नाव खोटं नाही.

(देशावरही काही गावांत ठराविक दिवशी शेतीची कामं बंद ठेवतात, त्याला 'मोडा' म्हणतात. ज्यांची आजी गावी आहे त्यांनी विचारून बघा.)

तर ज्यूंचा शब्बाथ शनिवारी, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. येशू स्वतः ज्यू, त्याचे पहिले शिष्य ज्यू. मग ख्रिस्ती लोक रविवारवर कसे आले?

येशूचा शब्बाथवरून धर्मपंडितांशी वाद व्हायचा, पण तो दिवसाबद्दल नव्हता. भुकेल्या शिष्यांनी शब्बाथच्या दिवशी कणसं मोडून खाल्ली, येशूने आजाऱ्यांना बरं केलं, यावरून लोक चिडले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथसाठी नाही. लूकच्या शुभवर्तमानात तो विचारतो, की शब्बाथच्या दिवशी तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला बाहेर काढत नाही का? (पुन्हा बैल!) आमच्या भाषेत सांगायचं तर सेव्हरिटी वन असेल तर सुट्टीच्या दिवशीही हात लावायचा. पण प्रत्येक तिकीट सेव्हरिटी वन नसतं.

येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मेलेल्यांतून उठला अशी ख्रिस्ती श्रद्धा. त्यामुळे अगदी सुरुवातीपासून काही मंडळी पहिल्या दिवशी एकत्र जमायची, भाकर मोडायची. पण जमणं वेगळं आणि सुट्टी वेगळी. रोमन साम्राज्यात रविवार हा कामाचा दिवस होता. त्या मंडळींमध्ये गुलामही होते, त्यांना सुट्टी कोण देणार? ते कामाआधी किंवा कामानंतर जमत. पौलाने तर रोमच्या मंडळीला लिहिलं की कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे दिवस सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. आणि कलस्सैच्या मंडळीला लिहिलं की सण, अमावास्या, शब्बाथ यावरून कुणी तुमचा न्याय करू नये.

रविवार सुट्टीचा झाला तो राजाज्ञेने. ७ मार्च ३२१ रोजी सम्राट कॉन्स्टंटाइनने हुकूम काढला की 'सूर्याच्या पूज्य दिवशी' न्यायाधीशांनी आणि शहरातल्या लोकांनी विश्रांती घ्यावी, कारखाने बंद ठेवावेत. शेतकऱ्यांना मात्र सूट, म्हणजे कामाची सूट! पेरणीचा हंगाम हुकू नये म्हणून त्यांनी काम केलं तर चालेल. हुकुमात ख्रिस्ताचं नाव नाही, सूर्याचं आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरा हुकूम निघाला, की रविवारी कोर्टकचेऱ्या बंद असल्या तरी गुलामाला मुक्त करायची कागदपत्रं त्या दिवशी करता येतील. मिसरच्या गुलामीची आठवण कॉन्स्टंटाइनच्या डोक्यात होती की नाही कोण जाणे, पण योग जुळून आला खरा.

पुढे चौथ्याच शतकात लाओदिकिया इथल्या धर्मसभेने उलट्या बाजूने फटका मारला. ख्रिस्ती माणसाने शनिवारी विश्रांती घेऊन ज्यूंसारखं वागू नये, त्या दिवशी काम करावं, आणि रविवारचा मान राखून जमलं तर त्या दिवशी विसावा घ्यावा. ज्या गोष्टीवर बंदी घालावी लागते ती लोक करत असतात. म्हणजे तोपर्यंत बरेच ख्रिस्ती लोक शनिवारही पाळत होते. इथिओपियाच्या प्राचीन चर्चमध्ये तर आजही दोन्ही दिवसांना मान आहे.

'सूर्याचा दिवस' हे आपल्यालाही परकं नाही. आपला रविवार तोच, जुना 'आइतवार' म्हणजे आदित्यवारही तोच. गोव्याचा कॅथलिक माणूस कोंकणीत आजही 'आयतारा' मिसाला जातो. पोर्तुगीजांनी त्यांच्या भाषेतलं 'दोमिंगो', म्हणजे प्रभूचा दिवस, आणलं, पण बोलण्यात आदित्य टिकून राहिला.

असो. मधली हजारेक वर्षं उडी मारून स्कॉटलंडला जाऊ, कारण आपल्याकडचे बरेच मिशनरी तिथून आले. धर्मसुधारणेच्या वेळी ल्यूथरचं म्हणणं बरंच सैल होतं. त्याच्या मते अमुकच दिवस असं काही नाही, पण कष्टकऱ्याला विसावा आणि देवाचं वचन ऐकायला वेळ हवा, म्हणून एक दिवस ठरलेला बरा. इंग्लंडचे प्युरिटन आणि स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन मात्र कडक निघाले. त्यांनी शब्बाथची आज्ञा जशीच्या तशी उचलून रविवारवर बसवली. रविवारी खेळ नाही, करमणूक नाही, प्रवास नाही. या परंपरेतला आपल्याला माहीत असलेला माणूस म्हणजे धावपटू एरिक लिडेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून तो धावला नाही, आणि मग ४०० मीटरचं सुवर्णपदक घेऊन आला. 'चॅरिअट्स ऑफ फायर' सिनेमा त्याच्यावरच.

असाच एक स्कॉटिश मिशनरी, जॉन विल्सन, १८२९ मध्ये मुंबईला आला. विल्सन कॉलेज त्याचंच. त्याने बेने इस्राएल लोकांसाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. रविवार कडकपणे पाळणारा ख्रिस्ती पाद्री शनिवार पाळणाऱ्या कोकणी ज्यूंना त्यांचीच विसरलेली भाषा मराठीतून शिकवतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्याची इच्छा त्यांनी ख्रिस्ती व्हावं ही असणार. प्रत्यक्षात धर्मांतर फारच थोड्यांनी केलं. मिशनच्या शाळांत हिब्रू शिकून बाकीचे आणखी पक्के ज्यू झाले, आणि त्यांचा शनिवार शनिवारीच राहिला.

आता आपल्या पुण्यातलं उदाहरण. पुण्यात असे ख्रिस्ती आहेत की जे रविवारी नाही, शनिवारी प्रार्थनेला जातात. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट. हा पंथ १८६३ मध्ये अमेरिकेत रीतसर स्थापन झाला. औंध रोडवरचं स्पायसर हे त्यांचं. ती संस्था १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झाली, मग बंगळूरकडे गेली आणि १९४२ मध्ये पुण्यात आली. २०१४ च्या राज्याच्या कायद्याने तिचं विद्यापीठ झालं. सॅलिसबरी पार्कमध्ये त्यांचं दक्षिण आशियाचं मुख्यालय अनेक वर्षं होतं, ते नंतर तमिळनाडूत होसूरला हललं.

त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. देवाने सातवा दिवस सांगितला, दिवस बदलल्याचं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, मग तो बदलायचा अधिकार सम्राटाला आणि धर्मसभेला कुणी दिला? आणि खरं सांगू का, निव्वळ डॉक्युमेंटवर चालायचं ठरवलं तर हा मुद्दा खोडणं अवघड आहे. कॅथलिक चर्च तसा प्रयत्नही फारसा करत नाही. ते म्हणतं की प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवसाला चर्चनेच हे स्थान दिलं, आणि चर्चला तो अधिकार आहे. प्रोटेस्टंट माणसाची अडचण जास्त. 'फक्त बायबल' म्हणायचं आणि रविवार परंपरेने घ्यायचा. त्यातले बरेच जण मग पौलाकडे जातात आणि म्हणतात, शब्बाथचा नियम ख्रिस्तात पूर्ण झाला, आता कोणताच दिवस बंधनकारक नाही.

तर तीन मतं झाली. शनिवार बंधनकारक, रविवार बंधनकारक, आणि कुठलाच नाही. या तीन मतांवर ग्रंथांचे ढीग आहेत. पण ते चाळताना मला सारखं वाटत राहिलं की 'कुठला दिवस' यावर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या तुलनेत 'कुणी कुणी थांबायचं' या यादीवर फार कमी झाली. दास, दासी, बैल, परका माणूस. त्यांचं काय झालं?

यादीचं उत्तर आपल्याकडे मिळतं, आणि ते चर्चमध्ये नाही, परळच्या सुपारीबागेत मिळतं.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत साहेबाच्या कचेरीला रविवारी कुलूप असायचं. गिरणीचा भोंगा मात्र वाजायचा. कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबायचा. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे पाळी मोठी. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त लहान मुलांना. मोठ्यांचं नावच नाही.

नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८, ठाणे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला माणूस, १८८० पासून 'दीनबंधू' पत्र मुंबईहून चालवणारा. सप्टेंबर १८८४ मध्ये त्याने सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या काय? दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला भरपाई. अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठे. याच वेळी उभी राहिलेली 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही देशातली पहिली कामगार संघटना मानतात. तिला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, घटना नव्हती. लोखंडे हेच तिचं ऑफिस म्हणायचं.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्याने, कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला आठवड्याची सुट्टी मिळाली.

ही गोष्ट फार सोवळी करून सांगायची नाही. फॅक्टरी कायद्यासाठी लँकेशायरचे गिरणीमालकही जोर लावत होते, आणि ते काही मुंबईच्या कामगाराच्या प्रेमाने नाही. इथलं कापड स्वस्त पडत होतं आणि इथल्या कामाचे तास कमी झाले तर त्यांचा फायदा होता. त्यामुळे त्या काळच्या बऱ्याच राष्ट्रवादी पत्रांना हे कायदे म्हणजे मँचेस्टरचा डाव वाटत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. डाव होता, आणि कामगार मरत होता.

लोखंड्यांनी रविवारच का मागितला, तर रविवार हा खंडोबाचा वार, असं त्यांनी मांडल्याचं सांगतात. यावर जरा थांबा. जो रविवार कॉन्स्टंटाइनने सूर्याचा म्हणून दिला, स्कॉटिश पाद्र्याने शब्बाथ म्हणून पाळला, तो मराठी कामगाराने जेजुरीच्या खंडोबाचा म्हणून मागून घेतला. मागणारा ख्रिस्ती नव्हता, मागणी बायबलच्या आधाराने नव्हती. पण दास, दासी आणि परका माणूस या यादीतला माणूस थांबला तो या दिवशी. मला विचाराल तर मोशेच्या दुसऱ्या कारणाला इतकं जवळ जाणारं उदाहरण आपल्या इतिहासात दुसरं नाही.

आता मुळशी.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच संपली. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घालावी लागली. पुढे गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी सह्याद्रीत धरणं बांधायला घेतली. त्यातलं एक मुळशीचं. १९२१ साली मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी, विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली, जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला आणि हरला. गावं बुडाली. १९२७ पासून मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरून वीज करू लागलं आणि ती मुंबईला जाऊ लागली. योगायोग असा की त्याच १९२१ मध्ये जिनिव्हात कारखान्यातल्या साप्ताहिक विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि १९२३ मध्ये भारताने तो स्वीकारला.

दिवा मालवायची गरज संपली की थांबायची वेळ कुणीतरी ठरवून द्यावी लागते. सूर्य ठरवत होता तोपर्यंत ते फुकट होतं. हे गिरणीला लागू होतं तसंच त्याच मुळशी तालुक्यातल्या काचेच्या इमारतींना. आमचा क्लायंट जागा होतो तेव्हा इथे संध्याकाळ असते. सर्व्हरला रविवार कळत नाही. प्रोग्रॅमिंगमधल्या 'सी' भाषेत रविवारचा आकडा शून्य असतो, आणि प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांच्या रोस्टरमध्येही पुष्कळदा तेवढाच.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात 'रविवार' असं न लिहिता 'आठवड्याचा पहिला दिवस' लिहिलं होतं आणि आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो अशी व्याख्या दिली होती. म्हणजे फिरून रविवारच. पण बदली सुट्टीची सोय होतीच, म्हणून पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी रुळली, कारण विजेचा भार आठवडाभर वाटायचा होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने दुकानं सातही दिवस उघडी ठेवायची मुभा दिली, पण अट घातली की प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी मिळाली पाहिजे. दिवस कोणताही. थोडक्यात, कायदा पौलाच्या बाजूने गेला. वार महत्त्वाचा नाही, थांबणं महत्त्वाचं.

पण यात एक अडचण आहे, आणि शनिवारवाले अॅडव्हेंटिस्ट आणि रविवारवाले स्कॉटिश दोघेही ती बरोबर ओळखतात. सगळ्यांचा एक दिवस ठरलेला असला की तो सांभाळायला समाज असतो. प्रत्येकाचा वेगवेगळा झाला की ज्याचा त्याने सांभाळायचा, आणि दुबळ्या माणसाचा पहिला जातो. अमेरिकेत जेराल्ड ग्रॉफ नावाच्या पोस्टमनचा खटला गाजला. पोस्टखात्याने अॅमेझॉनची पार्सलं रविवारी पोचवायचा करार केला. ग्रॉफ रविवार पाळणारा ख्रिस्ती, त्याने त्या पाळ्या नाकारल्या, कारवाया झाल्या, शेवटी २०१९ मध्ये त्याने नोकरी सोडली. जून २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याच्या बाजूने कौल दिला, की धार्मिक कारणासाठी सवलत द्यायला थोडीशी गैरसोय होते एवढं सांगून मालकाला सुटता येणार नाही. निकाल चांगलाच. पण त्याचा रविवार कुणी घेतला होता? पार्सल रविवारीच हवं असणाऱ्या ग्राहकाने. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याने.

आपला वीकेंड कसा जातो बघा. शनिवारी सकाळी कामवाल्या मावशी येतात. दुपारी जेवण मागवतो, ते घेऊन एक मुलगा बाइकवरून येतो. संध्याकाळी मॉल, तिथे दारावर सिक्युरिटीवाला. रात्री कॅब. रविवारी मुळशीच्या धरणाकडे ड्राइव्ह, तिथे हॉटेलात वाढणारी पोरं. आपण थांबलोय, पण यादीतले सगळे चालू आहेत. त्यातल्या घरकामगार बाईसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण आठवड्याची सुट्टी ती अजूनही प्रत्येक घरी वेगळी मागते. घरकामगारांना आठवड्यात सलग चोवीस तास विश्रांती द्या असं सांगणारा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारलेला नाही. डिलिव्हरीवाल्या मुलाला २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' असं नाव दिलं. नाव मिळालं, सुट्टी नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, 'अरे, त्यालाच रविवारी काम हवं असतं, तेव्हाच जास्त पैसे मिळतात.' खरं आहे. पण हा युक्तिवाद नवा नाही. ठराविक सुट्टी मजुरालाच नको आहे, असं तेव्हाही सांगितलं जात होतं. मग रेसकोर्सवर दहा हजार जण कशाला जमले होते? थांबलं की चूल थांबते, अशी ज्याची व्यवस्था आहे त्याला 'तुला सुट्टी हवी का' हा प्रश्नच अर्धवट विचारलेला असतो.

तर मूळ प्रश्नाकडे. ख्रिस्ती माणसाने शब्बाथ अजून पाळावा का?

बाहेरच्या माणसाचं मत म्हणून घ्या. कुठला वार, हे पौलाने ज्याच्या त्याच्या मनावर सोडलं, तिथे मी काय बोलणार? ज्या घरात शनिवार पाळतात तिथल्या मुलाने शनिवारच्या परीक्षेला नाही म्हणावं, तर त्याचा मला आदरच आहे. पण वार सैल झाला म्हणून आज्ञा सैल होते असं मला वाटत नाही. आज्ञेचा गाभा यादीत आहे. रविवारी अगदी पहिल्या बाकावर बसून उपासना ऐकली आणि घरी स्वयंपाकीण बाईला त्या वर्षात एकही पूर्ण दिवस दिला नाही, तर शब्बाथ पाळला असं मोशेच्या हिशेबाने तरी होत नाही. उलट, कुठल्याच चर्चला न जाणाऱ्या लोखंड्यांनी तो लाखोंना पाळायला दिला.

आणि आपण, ज्यांना या आज्ञेचं बंधन नाही, त्यांनी काय घ्यावं? फार मोठं काही नाही. मावशींना आठवड्याला एक पगारी दिवस, न मागता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न, की आपला वॉचमन सलग किती दिवस ड्यूटीवर आहे? आणि शुक्रवारी संध्याकाळी ज्युनिअरला 'सोमवारपर्यंत बघून ठेव' असा मेल टाकण्याआधी दुसरा प्रश्न, की बैल खरोखर विहिरीत पडलाय का? पडला असेल तर सगळे मिळून काढू. नसेल तर सोमवारी.

तुमच्याकडे कुठला वार पाळतात, घरात किंवा गावाकडे? मोडा, सोमवार, आयतार, शब्बाथ, काहीही. आणि त्या दिवशी घरातलं कोण कोण खरंच थांबतं? जरूर कळवा.